बायण्याची पाडापाडी आणि वेश्याव्यवसायाच्या कायदेशीर नियमनाचा प्रश्न : एक प्रकरण अभ्यास

वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता द्यावी आणि त्याचे नियमन करावे, ही मागणी आपल्याकडे बहुधा परदेशांतील कायद्यांचे दाखले देऊन मांडली जाते. त्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. गोव्यात मुरगाव बंदराच्या कुशीत, वास्को शहराला लागून असलेल्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती १४ जून २००४ रोजी पाडण्यात आली, आणि त्या घटनेच्या आधी व नंतर जे घडले त्यात या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू एकाच जागी पाहायला मिळतात. प्रस्तुत लेखन नियमनाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र बायण्याचे प्रकरण नीट पाहिले तर नियमनाच्या समर्थकांनाही काही अवघड प्रश्नांना सामोरे जावे लागते, आणि ते टाळून हा पक्ष टिकत नाही.

बंदराने वसवलेली वस्ती

बायणा ही कुणी योजना आखून वसवलेली पेठ नव्हती. मुरगावचे बंदर खोल आणि सुरक्षित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथवर रेल्वे आली, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दशकांत लोहखनिजाच्या निर्यातीने बंदराला जो वेग आला त्याबरोबर खलाशी, बार्जवरचे कामगार, ट्रकचालक आणि गोदीतले मजूर असा घरादारापासून महिनोन्महिने दूर राहणारा पुरुषवर्ग वास्कोत येत-जात राहिला. अशा प्रत्येक बंदराजवळ जे होते ते इथेही झाले. स्त्रिया आल्या त्या प्रामुख्याने कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून. त्यांत यल्लमाला वाहिलेल्या होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, नात्यातल्या बाईच्या मागोमाग आलेल्या होत्या, आणि नोकरीचे आमिष दाखवून फसवून आणलेल्याही होत्या. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे ही या विषयावरच्या चर्चेतील सर्वांत मोठी चूक आहे. सगळ्या स्वखुशीने आल्या असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच सगळ्या विकून आणल्या गेल्या असे म्हणणाराही.

वस्तीची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत आडोसे घालून लहान गाळे पाडलेले असत. गाळा म्हणजे एक खाट, तिच्याखाली पत्र्याची ट्रंक, भिंतीवर देवीची तसबीर आणि दाराऐवजी बहुधा पडदा. पलीकडच्या गाळ्यातले बोलणे अलीकडे ऐकू येणार, इतके हे गाळे एकमेकांना खेटून. जागेवर ताबा घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा, आणि कमाईचा मोठा वाटाही तिचाच. नव्याने आणलेल्या मुलीसाठी मोजलेली रक्कम तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढायची आणि ते कर्ज फिटेपर्यंत तिला बाहेर पडता येत नसे. देशभरातल्या अशा वस्त्यांत हीच रीत दिसते. ऊसतोड कामगाराच्या उचलीत आणि या कर्जात तत्त्वतः फरक नाही, आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा दोन्हींना लागू व्हायला हवा. पण जिथे मुळात कामालाच काम मानलेले नाही तिथे वेठबिगारीची तक्रार कोण नोंदवणार?

आणि त्याच वस्तीत, त्याच गल्ल्यांत या व्यवसायाशी काहीही संबंध नसलेली परप्रांतीय मजुरांची कुटुंबेही राहत होती, मुले शाळेत जात होती. बायण्याचे नाव घेतले की हे सगळेच पुसले जायचे. पत्त्यात बायणा लिहिण्याची मुलाबाळांना लाज वाटावी, अशी परिस्थिती एका अख्ख्या वस्तीवर लादली गेली होती.

न्यायालयाचा आदेश आणि जूनमधला बुलडोझर

वस्ती हटवावी ही मागणी जुनी होती, आणि ती करणारे सगळेच ढोंगी किंवा निर्दय होते असे मला वाटत नाही. तिथे अल्पवयीन मुली आणल्या जात होत्या. जवळपास राहणाऱ्या स्त्रियांना संध्याकाळी घराबाहेर पडणे नकोसे होत असे, कारण येणारा-जाणारा कुणीही भलतीसलती विचारणा करी. मुलींच्या वाहतुकीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी मांडलेली ही दुखणी खरी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००३ मध्ये या प्रकरणात आदेश दिले, आणि स्त्रियांचे पुनर्वसन व व्यवसायाच्या जागा बंद करणे ही दोन्ही कामे सरकारवर आली.

त्यांपैकी दुसरे काम झाले. पहिले झाले नाही, किंवा झाले तेही नावापुरते. जून महिना म्हणजे कोकणपट्टीत पावसाचा. कोकणातला माणूस मृगाच्या आधी घर शाकारून घेतो, त्या दिवसांत इथे राहती छपरे खाली आली. ज्या स्त्रीचे घर आणि कमाईची जागा एकच होती तिचे दोन्ही एका सकाळी गेले. जिच्याकडे शिधापत्रिका नाही, बँकेचे खाते नाही, गावी परत जाण्यासारखी स्थिती नाही, तिने त्या रात्री कुठे जावे याचे उत्तर कुठल्याही आदेशात नव्हते. पुढे दोनेक वर्षांनी ‘अर्ज’ म्हणजे ‘अन्याय रहित जिंदगी’ या संस्थेने अशा स्त्रियांना रोजगार मिळावा म्हणून यंत्रांवर कपडे धुण्याचा व्यवसाय उभा केला. तो प्रामाणिक आणि कष्टाने चालवलेला प्रयत्न होता. परंतु धुलाई केंद्राला जितके हात लागतात तितक्यांनाच त्यात जागा मिळते, आणि बायण्यातून उठवलेल्या स्त्रिया त्याच्या कितीतरी पट होत्या.

त्या कुठे गेल्या, हे गोव्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. काही गावी गेल्या आणि परतल्या. काही वास्कोच्याच इतर भागांत, काही भाड्याच्या खोल्यांत, लॉजवर, उत्तरेकडच्या पर्यटनाच्या पट्ट्यात, पुढे मसाज पार्लरच्या पाटीआड, आणि मोबाइल सर्वांच्या हाती आल्यावर तर थेट फोनवरच्या व्यवहारात. एका किनाऱ्यावर असलेला व्यवसाय राज्यभर पसरला. वस्ती हटवण्यासाठी झटलेल्या कार्यकर्त्यांनीही हा फैलाव नाकारलेला नाही; ते त्याचा अर्थ वेगळा लावतात, इतकेच.

या फैलावाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही, तो दलालाचा. बायण्यात गिऱ्हाईक स्वतः चालत दारापर्यंत येत असे. त्याला वाट दाखवायला कुणी लागत नव्हते. व्यवसाय विखुरल्यावर मात्र गिऱ्हाईक आणि स्त्री यांची गाठ घालून देणारा फोनवरचा माणूस लागतो, तिला नेणारा-आणणारा गाडीवाला लागतो, लॉजचा व्यवस्थापक लागतो, आणि या प्रत्येकाचा वाटा तिच्याच कमाईतून जातो. घरवालीचे शोषण संपवायला निघालेल्या कारवाईने तिच्या जागी तीन-चार वाटेकरी बसवले. शिवाय बायण्यात शेजारच्या गाळ्यात ओरडलेले ऐकू येत असे आणि चार जणी धावून येत. अनोळखी खोलीत एकटी असलेल्या बाईला ते संरक्षणही उरले नाही.

आरोग्याचेही तेच झाले. १९९२ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा एक महत्त्वाचा भाग व्यवसायातल्याच स्त्रियांना हाताशी धरून निरोध, तपासणी आणि उपचार त्यांच्यापर्यंत पोचवणे हा होता. वस्ती एका जागी असते तेव्हा दोन कार्यकर्त्या दुपारी घरोघर फिरून हे काम करू शकतात. गोवाभर विखुरलेल्या, रोज जागा बदलणाऱ्या आणि ओळख लपवणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचायचे तर आधी त्यांना शोधावे लागते, आणि शोधणाऱ्याकडे त्या पोलिसाचा माणूस म्हणून पाहतात.

कायदा नेमका काय म्हणतो

पुष्कळांची समजूत अशी असते की भारतात वेश्याव्यवसाय हा गुन्हा आहे. तसे नाही. १९५६ चा कायदा, ज्याला १९८६ च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा म्हणतात आणि पोलिसांच्या बोलण्यात ‘पीटा’, तो प्रौढ स्त्रीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवण्याला शिक्षा सांगत नाही. त्या कामाच्या भोवतालच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला मात्र सांगतो.

समजा, वास्कोत दोन प्रौढ स्त्रिया स्वतःच्या भाड्याच्या खोलीत, कुणाही घरवालीशिवाय आणि दलालाशिवाय हे काम करतात. दोघींचा परस्पर फायदा आहे, एवढ्यावरून ती खोली कायद्याच्या व्याख्येने कुंटणखाना ठरते, आणि कलम ३ खाली तो चालवण्याला पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षांची सक्तमजुरी आहे. घरमालकाला ठाऊक असेल तर तोही अडकतो, म्हणून तो एकतर खोली देत नाही किंवा दुप्पट भाडे घेतो. त्यांतल्या एकीचा मुलगा अठरा वर्षांचा होऊन कॉलेजात शिकत असेल आणि आईच्या पैशावर जगत असेल, तर कलम ४ खाली तो आरोपी होऊ शकतो. तिच्यासोबत राहतो एवढ्यावरून कायदा तसे गृहीत धरतो आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. म्हातारी आई सोबत राहत असेल तर तिचेही तेच. कलम ७ प्रमाणे देवस्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हे काम करणे गुन्हा आहे. कोकणातल्या कुठल्याही गावात किंवा बंदरी शहरात देऊळ, चर्च, मशीद आणि शाळा यांच्यापासून दोनशे मीटर सोडून उरलेली जागा शोधू लागलो तर डोंगर किंवा समुद्रच हाती लागेल. कलम ८ खाली गिऱ्हाइकाला खुणावणे हा गुन्हा. आणि कलम २० खाली दंडाधिकारी तिला त्या हद्दीतून निघून जाण्याचा आदेश देऊ शकतो, जसा सराईत गुंडाला तडीपार करतात तसा.

म्हणजे काम करायला मनाई नाही; पण जागा, सोबत, कुटुंब आणि गिऱ्हाईक यांपैकी काहीही ठेवायला मनाई आहे. अशा कायद्याचा उपयोग प्रत्यक्षात एकाच प्रकारे होतो. कधी हप्ता, कधी छापा. छाप्याची पद्धत वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे : बनावट गिऱ्हाईक पाठवायचे, नोटांचे क्रमांक आधी टिपून ठेवायचे, इशारा मिळताच पंचांसह आत शिरायचे, आणि पंचनाम्यात रोकड व मोबाइल यांच्या सोबतीला निरोधची पाकिटे ‘मुद्देमाल’ म्हणून लिहायची. ज्या निरोधचे वाटप सरकारचा एक विभाग करतो तोच दुसऱ्या विभागाच्या हातात पुरावा ठरतो, तेव्हा स्त्रिया तो जवळ बाळगणे सोडून देतात. याहून वाईट आरोग्यधोरण दुसरे कोणते असेल, हे मला सुचत नाही.

छाप्यात सापडलेल्या प्रौढ स्त्रीची ‘सुटका’ होते आणि तिची रवानगी संरक्षणगृहात होते. कलम १७ खाली चौकशी होऊन तिला तिथे एक ते तीन वर्षे ठेवता येते. गुन्हा तिने केलेला नाही, ती पीडित आहे असे कायदाच म्हणतो. तरी दार बाहेरून बंद आणि भेटायला येणाऱ्याला परवानगी हवी. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन प्रौढ स्त्रियांना मोकळे करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांनी स्पष्ट नोंदवले की या कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवता येत नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात याच दिशेने निर्देश दिले : संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या सुटकेची कार्यवाही व्हावी, पोलिसांनी सन्मानाने वागवावे, निरोध पुरावा म्हणून वापरू नये, आणि राहण्याच्या पत्त्याचा पुरावा नसला तरी ठरावीक अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळावे. बायण्यातल्या स्त्रियांना यातले शेवटचे कलम अठरा वर्षे आधी मिळाले असते तर त्यांच्याकडे निदान एक ओळख उरली असती.

नियमन म्हणजे कशाचे नियमन

इथे नियमनाच्या समर्थकांनी थांबून विचार करावा, कारण ‘नियमन’ या नावाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या जातात. एक म्हणजे स्त्रियांची नोंदणी, त्यांना परवाने आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी. दुसरी म्हणजे जागेचे, मालकाचे आणि कामाच्या अटींचे नियमन. पहिलीचा अनुभव आपल्याकडे आहे आणि तो वाईट आहे. इंग्रजांनी १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली, आजारी ठरलेल्या स्त्रीला खास इस्पितळात कोंडून ठेवले, आणि हे सगळे गोऱ्या सैनिकांच्या व खलाशांच्या प्रकृतीसाठी केले. मुंबईत स्त्रिया नोंदणी टाळत राहिल्या आणि अखेर १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. गोव्याला तर याहून जवळचा अनुभव आहे. १९८९ मध्ये रक्तदान केल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांकरवी उचलून म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिने एकटे कोंडून ठेवण्यात आले होते. तपासणीची सक्ती आणि कोंडण्याचा अधिकार एकत्र आले की काय होते, हे एका सुशिक्षित, घरचा आधार असलेल्या पुरुषाच्या बाबतीत या राज्याने पाहिले आहे. गाळ्यातल्या बाईची काय कथा.

जर्मनीचा अनुभवही हेच सांगतो. तिथे २००२ मध्ये हा व्यवसाय कायदेशीर करार म्हणून मान्य झाला आणि २०१७ पासून व्यक्तीची नोंदणी सक्तीची झाली. २०१९ च्या अखेरीस नोंद झालेल्यांची संख्या सुमारे ४० हजार होती, आणि प्रत्यक्षात काम करणाऱ्यांचे सर्व अंदाज याच्या कित्येक पट आहेत. ज्या कामाला समाजात बट्टा आहे त्या कामाच्या नोंदवहीत आपले नाव कोण घालील? जी घालणार नाही ती पुन्हा बेकायदा ठरते, आणि आपण निघालो तिथेच परत येतो.

दुसऱ्या प्रकारचे नियमन न्यूझीलंडने केले, आणि तेही नेमके २००३ साली, ज्या वर्षी गोवा खंडपीठाचा आदेश झाला. तिथल्या संसदेत ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने तो कायदा संमत झाला. चारपर्यंत स्त्रिया एकत्र, समान हक्काने, कुणाच्या हाताखाली न राहता काम करत असतील तर त्यांना कोणताही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो दुसऱ्यांच्या कामावर धंदा चालवणाऱ्या मालकाला. स्त्रीला कोणत्याही गिऱ्हाइकाला कोणत्याही क्षणी नकार देता येतो, करार केला असला तरी. निरोधाची सक्ती आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत शिक्षा आहे ती गिऱ्हाइकाला आणि मालकाला, त्या मुलीला नाही. पाच वर्षांनी नेमलेल्या आढावा समितीला कायद्यामुळे या व्यवसायातल्यांची संख्या वाढल्याचे आढळले नाही. वेलिंग्टनमधल्या एका स्त्रीने कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने तिला २५ हजार डॉलरची भरपाई मिळवून दिली. या एका निकालाने माझे मत जितके पक्के केले तितके कुठल्याही तात्त्विक मांडणीने केले नाही. आपल्याकडे घरवालीने किंवा लॉजवाल्याने अंगावर हात टाकला अशी तक्रार घेऊन तीच बाई पोलीस ठाण्यात गेली, तर पहिला प्रश्न तिला काय विचारला जाईल हे सांगायला नको. त्या कायद्यातही उणीव आहे : तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रियांना हे काम करण्यास तिथे मनाई आहे आणि म्हणून त्या तक्रारीला धजत नाहीत. परप्रांतातून आलेल्या स्त्रियांचे प्रमाण पाहता गोव्याने हा धडा लक्षात ठेवायला हवा. ‘स्थानिक’ असण्याची अट घातली की सर्वांत दुबळी स्त्री बाहेर राहते.

बायण्यात अशी व्यवस्था असती तर काय दिसले असते? गाळ्यांच्या मालकाला परवाना घ्यावा लागला असता, आणि दाराला आतून कडी, पाणी, संडास, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट या गोष्टी नसल्या तर तो गमवावा लागला असता. पाहणीला कामगार खात्याचा आणि आरोग्य खात्याचा माणूस आला असता, पोलीस नव्हे. कमाईचा हिशेब लेखी असता आणि कर्ज दाखवून अडकवणे हा मालकाचा फौजदारी गुन्हा ठरला असता. तपासणी ऐच्छिक व नाव न विचारता झाली असती. आणि वस्तीतल्या इतर कुटुंबांची तक्रार, जी रास्त होती, ती वेळ, पाट्या, रस्त्यावर घोळका करणे यांच्या नियमांनी नगरपालिकेला हाताळता आली असती, जशी ती दारूच्या दुकानांबाबत हाताळते.

अल्पवयीन मुलींचा प्रश्न

सर्वांत जड आक्षेप हा आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून हा पक्ष मांडण्याचा अधिकार कुणालाही नाही. आक्षेप असा, की धंदा उघड झाला की मागणी वाढते, आणि वाढलेली मागणी पुरवायला मुली पळवून आणल्या जातात. स्वीडनने १९९९ मध्ये याच विचाराने विकणाऱ्या स्त्रीला मोकळे ठेवून विकत घेणाऱ्या पुरुषाला गुन्हेगार ठरवले, आणि तो मार्ग आपल्याकडेही अनेकांना पटतो.

मुलींच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि मानवी व्यापाराविरुद्धची कठोर कलमे आहेत तशीच राहिली पाहिजेत, आणि परवानाधारक जागेत अल्पवयीन मुलगी आढळली तर मालकाला सवलत नाही, उलट अधिक शिक्षा हवी. प्रश्न एवढाच आहे की त्या मुलीची खबर कुणाकडून मिळते. बंद दाराआड कोण आहे हे शेजारच्या गाळ्यातल्या बाईला पोलिसांच्या कितीतरी आधी कळते. ती आज गप्प बसते, कारण खबर दिली तर छापा पडतो, आणि छाप्यात मुलीबरोबर तीही जाते, तिची खोलीही जाते. कोलकात्याच्या सोनागाछीत दुर्बार महिला समन्वय समितीने १९९० च्या दशकात स्वनियमन मंडळे उभारली, त्यांत व्यवसायातल्या स्त्रियांबरोबर बाहेरचे जबाबदार लोकही बसतात, आणि वस्तीत नव्याने आलेली मुलगी सज्ञान आहे का, तिला कुणी जबरदस्तीने आणले आहे का, याची विचारपूस आधी तिथे होते. आपल्या घाटावर सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी आहे, तीही धंद्यातल्या स्त्रियांनीच चालवलेली. अशी संघटना बायण्यात उभी राहायला लागणारी एक गोष्ट वस्तीकडे होती, ती म्हणजे स्त्रियांचे एकत्र असणे, आणि नेमकी तीच मोडली गेली.

स्वीडनच्या मार्गाबद्दल इतकेच म्हणेन, की तिथल्या स्त्रीला हे काम सोडले तर राज्य पोसते. आपल्याकडे गिऱ्हाइकाला पकडायचे म्हटले तरी पंचनामा तिच्याच खोलीचा होतो, आणि बंदरावर दोन दिवसांसाठी उतरलेला खलाशी दंड भरून जहाज गाठतो.

या किनाऱ्याला एक जुनी आठवणही आहे. देवळांच्या सेवेला वाहिलेल्या स्त्रियांच्या ज्या समाजाची गोव्यात आणि दक्षिण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना झाली, त्या समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःची संघटना केली, मुलामुलींना शिकवले, आणि गायनापासून वैद्यकीपर्यंत प्रत्येक क्षेत्रात मानाने उभा राहिला. त्या प्रथेविरुद्ध कायदेही झाले, पण समाज पुढे आला तो आतून. त्या समाजाची आणि बायण्यातल्या स्त्रियांची तुलना करण्याचा हेतू नाही. ज्या स्त्रियांना बाहेर पडायचे आहे त्यांची वाट शाळा, बँकेचे खाते, पत्ता आणि संघटना यांतून जाते, आणि या चारही गोष्टींना सध्याचा कायदा आडवा येतो, एवढेच सांगायचे आहे.

आता काय करता येईल

संपूर्ण बदल केंद्राने केल्याशिवाय होणार नाही. पीटा कायदा १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे स्वाक्षरी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुषंगाने केलेला आहे, आणि तो करार कुंटणखाना चालवणाऱ्याला, स्त्रीची संमती असली तरी, शिक्षा करण्यास सांगतो. ही अडचण खरी आहे. पण मालकाच्या परवान्यापर्यंत जाण्याआधीच्या काही पायऱ्यांना तो करार आड येत नाही. कलम ४ मधून सज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील वगळणे, सोबत राहण्यावरून गुन्हा गृहीत धरणे काढून टाकणे, व्याख्येतील ‘परस्पर फायदा’ हे शब्द गाळून दोघी-चौघींनी एकत्र काम करण्याला मोकळीक देणे, कलम ८ व २० रद्द करणे, एवढ्यानेही वास्कोतल्या त्या खोलीतल्या दोघींचे आयुष्य बदलेल.

राज्यांच्या हातातले तर आजच करता येते. गोव्यात आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांत २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संरक्षणगृहांतल्या प्रौढ स्त्रियांची प्रकरणे तपासावीत. एड्स नियंत्रण संस्थेमार्फत आधार कार्डासाठीची प्रमाणपत्रे द्यावीत. पंचनाम्यात निरोध लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागवावा. आणि यापुढे कोणत्याही किनाऱ्यावरची अशी वस्ती हटवण्याचा प्रस्ताव आला, तर तिथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्रीला पर्यायी घर लेखी मिळाल्याची नोंद जिल्हाधिकाऱ्याने आधी न्यायालयापुढे ठेवावी, आणि ती कारवाई पावसाळ्यात होऊ नये.